रुक्मिणीचे पत्र आणि मंडळाचे कपाट



स्मरणिकेसाठी काहीतरी इतिहासाचे लिहा, असे संपादिकाबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. किल्ले, लढाया, तह माझ्या डोक्यात राहत नाहीत. त्यावर त्या हसून म्हणाल्या, "मग कपाटाचा इतिहास लिहा. गेल्या वर्षी त्यावरून भांडलात तर चांगल्या!" ते खरे आहे. मी भांडले होते. तेव्हा रागाच्या भरात जे नीट सांगता आले नाही ते आज चार ओळींत मांडते. चुकले असेल तर सांभाळून घ्यावे.

ज्यांना प्रसंग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्या मंडळाच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. वरच्या दोन खणांत पोथ्या, व्रतवैकल्ये, पाककृती. खालच्या दोन खणांत कादंबऱ्या. त्यांतल्या निम्म्याअधिक प्रेमाच्या. गेल्या वर्षी आपल्याच गावातील एका घरी मुलीने ठरत आलेले स्थळ नाकारले. मुलगी मंडळातून पुस्तके नेणारी. झाले! पुढच्याच बैठकीत एका ज्येष्ठ ताईंनी सूचना मांडली की, खालचे दोन खण रिकामे करावेत; असली पुस्तके वाचूनच मुली बिघडतात. बऱ्याच जणींनी माना डोलावल्या. मी उठून म्हटले, "मग वरच्या खणातली रुक्मिणीस्वयंवराची पोथीही काढा." सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. कोणी तरी 'शिव शिव' म्हटलेलेही मी ऐकले.

मी थट्टा करत नव्हते. माझे माहेर पैठणकडचे. लग्न जमत नसलेल्या मुलीने नाथांचे रुक्मिणीस्वयंवर वाचावे, म्हणजे चांगला नवरा मिळतो, ही समजूत तिकडे घरोघर आहे, इकडेही आहेच. मला सतरावे लागले तेव्हा आजीने चौरंग मांडला, पोथीला फूल वाहिले आणि रोज एक प्रसंग वाचावयास बसवले. प्रसंग अठरा, म्हणून अठरा दिवस. एकनाथ महाराजांनी ही पोथी १५७१ साली काशीत लिहून पुरी केली. महाराज संत, पोथीचा अर्थ जीव आणि शिव यांच्या ऐक्याचा, हे मला मान्य आहे. पण सतरा वर्षांच्या मुलीला जीव-शिव कोठून कळणार? तिला गोष्ट कळते. आणि गोष्ट काय आहे? भावाने ठरवलेला शिशुपाल बहिणीला नको आहे. बाप भीष्मक मनातून कृष्णाच्या बाजूचा, पण थोरल्या मुलापुढे त्याचे चालत नाही. (अशी घरे आपल्या पाहण्यात नाहीत काय?) मांडव पडलेला, वऱ्हाड निघालेले, आणि ही मुलगी ज्याला कधी समोर पाहिलेलेही नाही त्या कृष्णाला आपल्या हाताने पत्र लिहिते, विश्वासातल्या ब्राह्मणाबरोबर द्वारकेला पाठवते, कोणत्या वेळी कोठे यावे तेही कळवते. देवीच्या दर्शनाला म्हणून ती बाहेर पडते आणि रथात बसून निघून जाते. पाठलाग करणाऱ्या भावाची फजिती होते ती निराळीच.

ही गोष्ट आमच्या आजीने मला स्वतः वाचावयास दिली, उदबत्ती लावून दिली! त्याच आजीने माझ्या उशाखाली सापडलेली एक कादंबरी चुलीत घातली होती. त्या कादंबरीतल्या मुलीने रुक्मिणीच्या निम्मेही धाडस केलेले नव्हते.

तेव्हापासून माझ्या मनात प्रश्न आहे की, प्रेमाच्या गोष्टीत आपल्या बायकांना एवढे गोड वाटते ते काय? नुसता शृंगार म्हणाल तर तो सिनेमात फुकट दिसतो. नट देखणा असतो म्हणाल तर पुस्तकात चेहरा दिसत नाही. काही जणी म्हणतात, संसाराचा ताण विसरावयाला वाचतो. पण ताण विसरावयाला भुताची गोष्टही चालेल, चोराचीही चालेल. मग प्रेमाचीच का? ह्याचे उत्तर शोधता शोधता मी जे जे वाचले, त्यात एक मोठे नवल हाती लागले. ही आवड पुण्या-मुंबईहून एस.टी.ने आपल्याकडे आलेली नाही. ती आपल्याच जिल्ह्यातली जुनी वस्तू आहे.

पैठण म्हणजे पूर्वीचे प्रतिष्ठान, सातवाहन राजांची राजधानी. त्या वंशातल्या हाल राजाच्या नावावर 'गाथासप्तशती' नावाचा संग्रह आहे. महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेत, सातशे छोट्या गाथा. १९५६ साली स. आ. जोगळेकरांनी तो मोठ्या मेहनतीने मराठीत आणला. शहरात शिकणाऱ्या भाचीने ग्रंथालयातून तो आणला तेव्हा मला वाटले, राजाचे पुस्तक म्हणजे राण्यांच्या गोष्टी असतील. उघडले तो काय! शेताची राखण, गोदाकाठ, सासू, नणंद, प्रवासाला निघालेला नवरा, पावसाळ्यात त्याची वाट बघणारी बायको. एक गाथा तर मला फार आवडली. तहानलेला वाटसरू ओंजळीची बोटे सैल करतो, म्हणजे पाणी गळेल आणि पाणी पाजणारीकडे जास्त वेळ बघता येईल. आणि तीही धार बारीक करते. दोघांत एक शब्द बोलला जात नाही. पण दोघांनीही एकमेकांस काही विचारले आहे आणि उत्तरही मिळाले आहे. यातल्या काही गाथा रेवा, अनुलक्ष्मी अशा स्त्रियांच्या नावावर आहेत. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी बाईने प्रेमाविषयी लिहिले आणि राजाच्या संग्रहात ते घेतले गेले, ही गोष्ट आपण शाळेत का शिकत नाही कोण जाणे.

पुढे यादवांच्या काळात पाहा. मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री महदाइसा ऊर्फ महदंबा. तेराव्या शतकाच्या अखेरीस रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंच्या सांगण्यावरून तिने लग्नाची गाणी रचली, ते धवळे. विषय कोणता? कृष्ण-रुक्मिणीचाच विवाह! मराठी बाईचे पहिले काव्य हे असे प्रेमाच्या लग्नाचे आहे. त्याच सुमारास महानुभाव कवी नरेंद्र याने रुक्मिणीस्वयंवर लिहिले. देवगिरीच्या रामदेवरायाला ते इतके आवडले की, एका ओवीस एक सोन्याचे नाणे देतो, काव्य माझ्या नावावर कर, असे तो म्हणाला आणि नरेंद्राने ते नाकारले, असे महानुभाव परंपरा सांगते. देवगिरी म्हणजे आपला दौलताबाद. किल्ला चढताना दम लागतो एवढेच आपल्याला आठवते. तेथे एका मुलीच्या पत्राची गोष्ट राजा कान देऊन ऐकत होता, हे मनात येत नाही.

आता छापील कादंबरीकडे येते. मराठीत १८५७ साली बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली, त्यात विधवांची दुःखे आहेत. १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' आली आणि तिच्यामागून ताटातूट, संकटे, चमत्कार आणि शेवटी मीलन अशा पुष्कळ आल्या. त्यांत वेळ घालवीत नाही. मला त्या वाचवल्या नाहीत. पण एक नोंद केली पाहिजे. १८७३ साली साळूबाई तांबवेकर ह्या बाईंनी 'चंद्रप्रभाविरहवर्णन' लिहिले. मराठी बाईची पहिली कादंबरी म्हणून त्याचा उल्लेख होतो, आणि तिच्याही नावातच विरह आहे. ज्या काळात मुलीच्या हातात पाटी दिली तर नवरा मरतो असे म्हणत, त्या काळात बाईने लेखणी उचलली ती विरह लिहावयास.

हरि नारायण आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक काढले आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो' ही यमूची गोष्ट सुरू केली. ही आपल्या कपाटात आहे. जिने वाचली नसेल तिने वाचावी. सगळे ती दुःखाची गोष्ट म्हणून ओळखतात. नवरा जातो, केशवपनाची जबरदस्ती होते, ते वाचताना माझ्या डोळ्यांचे पाणी खळत नव्हते. पण मला विचाराल तर मराठीतली सर्वांत गोड प्रेमकथा तीच आहे. यमू नवऱ्याबरोबर मुंबईला राहते, तो तिला शिकवतो, बसून बोलतो, तिचे मत विचारतो. त्या काळी घरात दिवसाउजेडी नवऱ्याने बायकोशी बोलणे म्हणजे निर्लज्जपणा. त्यामुळे नवरा-बायकोचे साधे बोलणे हेच केवढे तरी मोठे सुख! तेवढी पाने मी तीनदा वाचली. त्यात गुलाबाचे फूल नाही, चांदणे नाही, मिठी तर नाहीच.

हे केवळ पुस्तकातले म्हणावे तर रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' पाहाव्यात. १८७३ साली लग्न होऊन त्या आल्या तेव्हा त्यांना अक्षर येत नव्हते. पतीने शिकवावयास घेतले आणि घरातल्या बायकांनी त्यापायी त्यांना किती टोचून बोलावे! तरी शिकणे चालू राहिले. १९१० साली छापलेले ते पुस्तक आहे, आणि ते चरित्र म्हणून वरच्या खणात ठेवले आहे. ठेवणारीने उघडून पाहिले असते तर खाली ठेवले असते.

पुढे आले ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर. फडक्यांच्या नायिका शिकलेल्या, बाहेर हिंडणाऱ्या, नायकाशी वाद घालणाऱ्या. कथेत गुंता कसा घालावा आणि वाचकाला कसे अडकवून ठेवावे ह्याचे त्यांनी १९३१ साली 'प्रतिभासाधन' म्हणून पुस्तकच लिहिले. वाचक अडकले खरे, मीसुद्धा अडकले. भाजी करपली ती त्यांच्यामुळेच. १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने 'कळ्यांचे निःश्वास' आले आणि केवढी खळबळ उडाली! शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय असते ते त्यात होते. ही विभावरी कोण, याचा शोध सुरू झाला. त्या मालतीबाई बेडेकर होत्या. लोकांना राग आला तो मुलींना मन असते याचा नसावा. ते त्यांनी सांगितले याचा असावा.

ही सगळी पुस्तके तेव्हा आपल्या गावी कोठून येणार? आपण निजामाच्या राज्यात. मराठी शाळा थोड्या, त्यात मुलींच्या तर विचारूच नका. १७ सप्टेंबर १९४८ ला राज्य मोकळे झाले आणि त्यानंतर हळूहळू मुली शाळेत जाऊ लागल्या. माझ्या सासूबाईंचा जन्म त्यानंतरचा, तरी त्यांना अक्षरओळख नाही. म्हणून आमच्याकडे कादंबरी मोठ्याने वाचली जाते. दुपारी मक्याची कणसे सोलताना नाहीतर डाळ निवडताना मी वाचते, त्या ऐकतात. प्रथम म्हणायच्या, "काय बाई ह्ये, रिकामपणाचे धंदे." आठ दिवसांनी स्वतःच विचारू लागल्या, "मंग दिली का त्यानं चिठ्ठी?"

एकदा मी त्यांना विचारले, "आत्या, तुम्हाला ह्यात काय एवढं आवडतं?" कणीस हातात तसेच धरून त्या थोडा वेळ बसल्या आणि म्हणाल्या, "त्या पोरीला कुनी तरी इचारलं बाई. तुला कुनी इचारलं व्हतं का? मला तर मांडवात कळलं नवरा कोन्ता त्ये."

माझ्या पुस्तकी शोधाचे उत्तर मला त्या कणसांच्या ढिगाशेजारी मिळाले. वाटसरूची ओंजळ असो, रुक्मिणीचे पत्र असो, यमूचा नवरा असो, फडक्यांचा नायक असो, सगळीकडे हीच एक घटना आहे. कोणी तरी बाईला विचारतो आणि ती काय म्हणते त्यासाठी थांबतो. किंवा ती आपण होऊन सांगते आणि ते ऐकले जाते. दोनशे पाने आपण त्या एका क्षणासाठी चालतो. म्हणून तर शेवट ठाऊक असला तरी चालतो. रुक्मिणी कृष्णालाच मिळणार हे पोथी उघडण्याआधीच ठाऊक असते, तरी पत्र घेऊन गेलेला ब्राह्मण परत येईपर्यंत जीव टांगणीला लागतोच की नाही? तिला होकार मिळाला हे कळेपर्यंत माझी आजी चहासुद्धा घेत नसे.

मला सासरकडची मंडळी पाहावयास आली तेव्हा पाच जणांनी नाव, शिक्षण, स्वयंपाक विचारला. मुलगा पसंत आहे का, हे कोणी विचारले नाही. विचारावयाचे असते हेही त्यांना ठाऊक नव्हते. माझे बरे झाले, माणूस चांगला निघाला. पण ते नशीब. त्यात माझे काही नव्हते.

आता दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर मी एकांगी आहे असे व्हायचे. ह्या कादंबऱ्या खोटे पुष्कळ सांगतात. नायकावर कर्ज नसते, कापसाला भाव पडत नाही, नायिकेच्या सासूचे गुडघे दुखत नाहीत. बहुतेक नायिका पुण्या-मुंबईच्या, गोऱ्या, खातेपिते घर. नायिकेच्या दारात टँकर आला आणि ती हंडा घेऊन पळाली, असे एकाही कादंबरीत मला भेटले नाही. शिवाय गोष्ट संपते तेथे आपली सुरू होते. लग्नानंतर पहिल्यांदा मीही तोंड फुगवून बसले होते की, ह्यांना माझ्या मनातले न सांगता का कळत नाही! ते कादंबरीने शिकवलेले खूळ. मनातले बोलून दाखवावे लागते, हे समजण्यात दोन-तीन वर्षे गेली. तेवढ्यापुरते ताईंचे म्हणणे मी मान्य करते.

पण खण रिकामे करणे मान्य नाही. ह्याबाबत कोर्टाचीच गोष्ट सांगते. चंद्रकांत काकोडकर हे नाव आपल्या आईच्या पिढीला चांगले ठाऊक. त्यांच्या 'नीलांबरी' कादंबरीवर 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट निघाला होता. त्यांची 'श्यामा' ही कथा १९६२ सालच्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात आली आणि ती अश्लील आहे म्हणून खटला झाला. खालच्या कोर्टाने त्यांना सोडले, उच्च न्यायालयाने दोषी धरून दंड केला, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून त्यांना निर्दोष ठरवले. विचार करा, दिल्लीच्या मोठ्या न्यायमूर्तींनी एका मराठी दिवाळी अंकातल्या प्रेमकथेचा बारकाईने विचार केला! त्यांनी असे म्हटले की, स्त्रीपुरुषसंबंधाचा नुसता उल्लेख आला म्हणून पुस्तक तरुणांना वर्ज्य ठरवले, तर त्यांना एकही कादंबरी वाचता येणार नाही, केवळ धार्मिक पुस्तके वाचावी लागतील. ते वाचून मला हसू आले. न्यायमूर्तींना आमच्या आजीची पोथी ठाऊक नसावी!

राहता राहिली ती मुलगी, जिच्यामुळे हे सगळे झाले. मी तिच्या घरी गेले होते. स्थळ चांगले होते, शेती बागायती, मुलगा निर्व्यसनी. मी विचारले, "मग नाही का म्हणालीस बाळ?" ती म्हणाली, "काकू, मी नाही म्हटलंच नाही. एकदा त्याच्याशी बोलू द्या एवढंच म्हटलं. त्याचंच सगळ्यांनी नाही केलं." तिने कपाटातून नेलेल्या पुस्तकांची नावे मी वहीत पाहिली. तीन कादंबऱ्या होत्या आणि एक रुक्मिणीस्वयंवर. ते तिच्या आईनेच नेले होते, लवकर लग्न जमावे म्हणून.

बैठकीत अखेर काही ठरले नाही. पुढच्या वेळी पाहू म्हणून विषय राहिला. कपाट होते तसे आहे. रमाबाईंचे पुस्तक मात्र मी वरून काढून खाली, यमूच्या शेजारी ठेवण्यासाठी गेले, तर यमूची जागा रिकामी. वही उघडून पाहिली. ज्या ताईंनी खण रिकामे करण्याची सूचना मांडली होती त्यांनीच ते पुस्तक नेलेले आहे. दोन महिने झाले. दंडाचे दहा रुपये होतात, पण मी अजून मागितलेले नाहीत.